येतो मंग

घाट उतरून थंडी मोताळ्यात आली की सगळ्यात आधी ती माझ्या कानांना कळते. बाकीच्यांचे हातपाय गारठतात, ओठ फुटतात. माझे मात्र दोन्ही कान एकदम थंड पडतात, आणि वाटतं, आता कोणीतरी पलीकडून 'हॅलो' म्हणणार.

काल दुपारी अंगणातल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तर अनोळखी नंबरावरून फोन आला. एक मुलगी होती. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकत होती. "नमस्कार मॅडम, मी तुमची दोन मिनिटं घेऊ का?" एवढं म्हणताना तिचा आवाज 'घेऊ का'वर जरासा लटपटला. असे फोन माझ्या हातून कधी कापले जात नाहीत. घरातले हसतात. म्हणतात, लोक त्यांना झापतात, हिचं मात्र 'जेवली का बाई' सुरू होतं. पण मी काय करू? तिच्या मागे पंखा फिरत होता, कोणीतरी खुर्ची ओढली, दुसरी एक मुलगी तेच वाक्य दुसऱ्या कोणाला तरी म्हणत होती. कुठलं गाव असेल ते? कुठली खोली? यंत्र नको होतं, ते तिला नीट सांगितलं. "ठेवते मॅडम," ती म्हणाली. शेंगा तशाच मांडीवर राहिल्या आणि मी तो हिवाळा आठवत बसले.

त्या हिवाळ्यात मी आणि शाहीन हवेत रजया विकत होतो. 'हवेत' हा शब्द तिच्या अब्बांचा, गफूरचाचांचा.

शाहीन माझी पाचवीपासूनची मैत्रीण. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं पिंजाऱ्याचं दुकान. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे एक खोली, आणि भिंतीवर चाचांच्या वडिलांची धुनकी टांगलेली. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं लांबलचक धनुष्य. पूर्वी नवा कापूस निघाला की दारापुढे बैलगाड्या थांबायच्या. जुन्या गाद्या उसवायच्या, नव्या भरायच्या, पोरीचं लग्न ठरलेलं असलं तर दोन रजया जास्तीच्या. मग फोमच्या गाद्या आल्या, गुळगुळीत कापडाची विकतची पांघरुणं आली. आमच्या चहूबाजूंनी कापूस पिकत होता आणि चाचांच्या दारात कोणी फिरकत नव्हतं. त्या दिवाळीत त्यांनी सांगून टाकलं, संक्रांत झाली की मशीन भंगारात.

शाहीननं हट्ट धरला. एक हिवाळा द्या म्हणाली. चाचांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि अट घातली.

"खोलीत जेवढा कापूस हाय, तेवढ्याच्या रजया भरतो. संक्रांतीलोक थप्पी सपली तं मशीन राहीन. नाही सपली तं मले पुन्हा काही म्हणायचं नाही."

रजयांची थप्पी छताला टेकली, आणि संक्रांतीपर्यंत हातात दोन-अडीच महिने होते. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून आवाज बरा म्हणून नाव असलेली. शाहीननं मला धरूनच आणलं.

इंटरनेटवरून बोलायची एक सोय तिनं शोधून काढली होती. लॅपटॉप, डोक्याला हेडफोन, आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात चिल्लरीत बोलणं. साध्या फोनच्या मानानं फुकटच म्हणायचं. स्वस्तातली असल्यामुळे तिच्यात एक खोडही होती. आमचा आवाज जायचा, पण आम्हाला कोणाचा फोन यायचा नाही. पलीकडे दर वेळी निराळाच नंबर दिसायचा आणि त्यावर उलट फोन केला तर तो लागायचा नाही. आमचा नंबर काय, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

मागच्या खोलीत कापसाचे तंतू उडायचे म्हणून लॅपटॉपवर शाहीनची ओढणी. हेडफोन एकच. हिंदी बोलणारे तिच्या वाट्याला, मराठी माझ्या. पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवलेलं: 'नमस्कार, आम्ही खऱ्या कापसाच्या हातानं शिवलेल्या रजया बनवतो.' पहिल्या माणसानं मला 'नमस्कार'वरच कापलं. दुसऱ्यानंही. तिसऱ्यानं 'आम्ही'पर्यंत जाऊ दिलं. शाहीन म्हणाली, "काऊन वो, हसून काय राह्यली?"

मी हसत होते ते आश्चर्यानं. माझा नमस्कार पोचला होता ना! आमच्या जिल्ह्याच्या गावाला अजून रेल्वे नाही. गाडीत बसायचं तर मलकापूर गाठावं लागतं, आणि मी तोवर भुसावळच्या पुढे गेलेली नव्हते. माझं ते एक 'नमस्कार' मात्र तिकीट न काढता पार कुठल्या कुठे जाऊन कोणाच्यातरी कानात शिरलं होतं. त्यानं ते झटकून टाकलं, हा पुढचा भाग.

चौथा फोन रत्नागिरीला लागला. लॉजवाल्याचा. त्यानं सगळं वाक्य ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, इथे मी पंखा लावून उघडा बसलोय." मी माफी मागितली. पण त्याच्या मागे काहीतरी सारखं येत होतं, जात होतं. मला वाटलं लाईन खराब आहे. विचारलं, हा आवाज कसला? तो म्हणाला, "कसला म्हणजे? समुद्र." मी हेडफोन काढून शाहीनच्या कानाला लावला. दोघी त्या एवढ्याशा खोलीत, रजयांच्या थप्पीला टेकून, आळीपाळीनं समुद्र ऐकत बसलो. तोही भला माणूस. त्यानं फोन खिडकीशी धरला. मी समुद्र आधी ऐकला, पाहिला कितीतरी वर्षांनी. आणि खरं सांगते, पाहिला तेव्हा एवढं भरून आलं नाही.

रत्नागिरीनं आम्हाला शहाणं केलं. दुसऱ्या दिवसापासून शाहीन सकाळी शेजारच्या चहावाल्याकडून पेपर आणायची आणि आधी तापमानाचा चौकोन वाचायची. जिथे पारा सगळ्यात खाली, ती गावं त्या दिवसाची. तिथले लॉज, धर्मशाळा, वसतिगृहं ती नेटवर शोधायची आणि वहीत मांडायची. महाबळेश्वर, नाशिक, चिखलदरा. लोक थंडीनं कुडकुडले की आम्ही खूश. "अल्ला, आज निफाड सहावर आलं!" असं ती ज्या आनंदानं ओरडायची, त्याबद्दल निफाडकरांनी आम्हाला क्षमा करावी.

त्या दिवसांत मी किती घरांत जाऊन आले! कुठे कुकरची शिट्टी, कुठे पोपट नाव घेऊन हाक मारणारा, कुठे पाढे म्हणणारं पोर, कुठे दुपारची अजान, आणि ती ऐकून शाहीनच्या डोक्यावर आपोआप गेलेली ओढणी. एका बाईनं 'थांबा हं' म्हणून फोन ओट्यावर ठेवला आणि विसरलीच. मी तिच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं उभी होते. भाकरी थापल्याचा आवाज आमच्यासारखाच होता. पुण्याच्या एका आजींनी सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे लेप का गं?" मी घाईनं म्हटलं, "नाही आजी, औषध नाही, पांघरायची रजई." पलीकडे त्या हसून हसून खोकायला लागल्या. रजईला त्यांच्याकडे लेप म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी विचारलं, "तू कुठली गं? 'बोलून राह्यले' म्हणतेस ते फार गोड वाटतं." मी कानाला खडा लावला की आता शुद्ध बोलायचं. पण जीभ काय कोणाची ऐकते? त्या आजींनी एक रजई घेतली. थप्पीतून एक कमी झाली.

चाचा मशीन चालवता चालवता दारातून डोकावायचे. आम्ही भिंतीकडे तोंड करून कोणाशी तरी आर्जवानं बोलतोय, हात हलवतोय, हसतोय, आणि खोलीत तर कोणीच नाही. "हवेत कोणी रजई विकते काय?" ते म्हणायचे. त्यांना ते सगळं खोटं वाटायचं. पोरी खेळतात, खेळू द्या, हिवाळा जाईलच, असा चेहरा.

आता त्या फोनाविषयी.

पेपरात त्या दिवशी तोरणमाळकडचा पारा खाली होता. शाहीननं त्या वाटेवरच्या एका गावातलं मुलींचं वसतिगृह शोधलं. वसुधाताई नावाच्या बाई ते चालवत होत्या. आमच्याकडे तेव्हा वीज गेलेली. लॅपटॉप बॅटरीवर, मोबाईलचं नेट, आणि मशीन बंद म्हणून चाचांनी भिंतीवरची धुनकी काढून कापूस पिंजायला घेतला होता. तांय... तांय... तांय... त्या आवाजानं खोलीची जमीनसुद्धा थरथरायची.

वसुधाताईंनी मला तोडलं नाही. "थांबा, मुलींनाही ऐकू दे," म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर लावला. मुली पावरा समाजाच्या, घरी त्यांची बोली वेगळी, मराठी शाळेच्या पुस्तकातून शिकलेल्या. मी रजईविषयी सांगितलं. एकीनं विचारलं, "ताई, तुमच्या मागे काय वाजत आहे?" मी सांगितलं, "ते आमचे गफूरचाचा. कापूस पिंजतात." पलीकडे एकदम शांत. सगळ्या ऐकत असाव्यात. दोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या कुठल्यातरी ओसरीत चाचांची धुनकी वाजत होती आणि चाचांना त्याचा पत्ता नव्हता.

वसुधाताई म्हणाल्या, बघते, विचार करून सांगते. मी म्हटलं, "बरं ताई, येतो मंग."

हे असं का म्हटलं, ते सांगायला हवं. कोणाच्या दारातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आणि माझी आई, मावश्या, आमच्या आळीतल्या सगळ्या बायका स्वतःलाही 'येतो', 'जातो'च म्हणतात. शुद्ध बोलायच्या धाकात मी फोनवर 'ठेवते' म्हणायची सवय लावून घेतली होती. पण त्या दिवशी त्या ओसरीतून निघावंसं वाटत नव्हतं, आणि तोंडातून घरचं निघून गेलं. लाईन तुटता तुटता एका मुलीचा आवाज अगदी बारीक ऐकू आला.

"कधी?"

तो प्रश्न आपल्याला आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन आठवडे गेले. नाशिकच्या एका लॉजवाल्यानं चार मागवून घेतल्या, चिखलदऱ्याला तीन गेल्या. एवढ्यानं थप्पी काय हलणार? संक्रांत जवळ येत होती आणि शाहीन हल्ली पेपर वाचताना ओरडत नव्हती. तिकडचा पारा पुन्हा उतरला तशी वहीत खूण बघून मी वसुधाताईंना परत फोन लावला.

"अहो, आहात कुठे तुम्ही?" त्या म्हणाल्या. "येतो म्हणालात. मुली दोन रविवार रस्त्यावर डोळे लावून बसल्यात. मी फोन करून बघितला, तर असा नंबरच अस्तित्वात नाही म्हणे. मुलींना काय सांगू मी?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हेडफोन काढून मी शाहीनला सांगितलं.

"येतो काऊन म्हणली बे तू?" ती चिडली. "फोनवर कोणी येतो म्हणते काय? अडीचशे किलोमीटर हाय थे!"

"सवयीनं म्हटलं वो."

"सवयीनं! आता सांग त्याइले, का सवय होती म्हणून."

मशीन थांबलं. चाचा दारात उभे होते. अंगभर कापूस.

"कोणाले येतो म्हटलं?"

मी सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"पोरी वाट पाहून राह्यल्या?"

"हाव, चाचा. दोन रविवार."

"मंग जा लागते," ते म्हणाले. "येतो म्हटलं ना? मंग जा लागते. मीबी येतो. रजई माही हाय, पोरीइनं काही विचारलं तं तुमाले सांगता येईन काय?"

आणि भिंतीवरची धुनकीही त्यांनी सोबत घेतली. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणाले, हा शेवटचा हिवाळा, तिलेबी फिरवून आणतो.

वसुधाताईंना येत्या रविवारचं कळवलं आणि निघालो. सहा रजयांचे गठ्ठे, आम्ही दोघी, चाचा आणि माणसाहून उंच ती धुनकी. मलकापूरहून भुसावळ, तिथून गाडी बदलून नंदुरबार. डब्यातल्या एका गृहस्थानं अदबीनं विचारलं, "उस्ताद, कोणतं वाद्य?" चाचा म्हणाले, "कापसाचं." शहाद्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम आणि रविवारी सकाळी जीप. वर चढताना थंडी अशी वाढत गेली की शाहीन आणि मी न बोलता एक गठ्ठा सोडून एकाच रजईत दोघी शिरलो.

मुली अंगणात रांगेत उभ्या होत्या. तोंडातून वाफा, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. मी पुढे झाले. एवढं बोलले होते मी त्यांच्याशी, मला वाटलं माझ्याभोवती गोळा होतील. एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे चाचांवर.

"हे चाचा आहेत का?" रांगेतली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली. रमिला तिचं नाव.

मी वसुधाताईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या. "तुम्ही फोनवर काय म्हणालात? चाचा कापूस पिंजतात, आणि मग, येतो. मी मुलींना म्हटलं, अगं त्या बाई निरोप घेत होत्या. तर या म्हणाल्या, नाही ताई, बाई असत्या तर 'मी येते' म्हणाल्या असत्या. 'येतो' म्हणजे चाचा येतो. पुस्तक काढून दाखवलं मला! पुढे मी काय बोलणार?"

म्हणजे दोन रविवार त्या चाचांची वाट बघत होत्या. माझी चूक झाली, असं मी तेव्हापासून कधी म्हटलेलं नाही.

चाचांना हे सगळं नीट कळलं नव्हतं. ते ओसरीत बसले, एक रजई कोपऱ्यात उसवली, मूठभर कापूस काढला, धुनकी छताच्या वाशाला दोरीनं अडकवली आणि तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दांडा मारला. तांय... कापूस उडाला, उन्हात तरंगला. तांय...

"हाच!" रमिला ओरडली. "हाच आवाज! फोनमध्ये हाच होता!"

"हाच, हाच," सगळ्या म्हणू लागल्या.

चाचांचा हात वरच्या वर थांबला. त्यांनी आधी मुलींकडे पाहिलं, मग आमच्याकडे. अख्खा हिवाळा त्यांनी आम्हाला भिंतीशी बोलताना पाहिलं होतं.

"माहा आवाज..." ते म्हणाले, "इथलोक आल्ता?"

"हाव, अब्बा," शाहीन म्हणाली.

चाचांनी त्या डोंगरांकडे पाहिलं, ज्यांच्या मागे कुठेतरी मोताळा होतं. पन्नास वर्षं त्यांनी कापूस पिंजला होता. तो आवाज बाजाराच्या रस्त्यापलीकडे कधी गेला असेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. दाढीत अडकलेला कापूस काढायचंसुद्धा ते विसरून गेले. मग त्यांनी दांडा पुन्हा उचलला आणि ती मूठ पिंजून झाली तरी पिंजतच राहिले, नुसतं वाजवण्यासाठी. मुली मांडी घालून ऐकत बसल्या. मी रत्नागिरीचा समुद्र ऐकताना जशी बसले होते, तशाच.

सहाही रजया वसुधाताईंनी लहान मुलींसाठी ठेवून घेतल्या. त्याहून जास्त घेणं त्यांना शक्य नव्हतं, ते त्यांनी नजर चुकवत सांगितलं. म्हणजे थप्पी तशीच राहणार होती. संक्रांत आठवड्यावर आलेली. अट म्हणजे अट, चाचांनी ती आजवर एकदाही सैल केली नव्हती. जीपवाला हॉर्न वाजवू लागला. शाहीन धुनकी कापडात गुंडाळत होती, आणि ती शेवटचीच गुंडाळतेय अशा हळुवारपणे गुंडाळत होती.

चाचांनी रमिलाच्या डोक्यावर हात ठेवला. "येतो मंग, बेटा," ते म्हणाले. सवयीनं, माझ्यासारखंच.

रमिलानं मान वर केली.

"कधी?"

या वेळी लाईन तुटली नाही. चाचा तिथेच उभे. शाहीननं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चाचांनी शाहीनकडे पाहिलं, कापडात गुंडाळलेल्या धुनकीकडे पाहिलं, आणि ते त्या पोरीपुढे उकिडवे बसले.

"पुढल्या हिवाळ्यात," ते म्हणाले. आणि तिला पक्कं कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून, तिच्या पुस्तकातल्या मराठीत पुन्हा म्हणाले, "मी. येतो."